मिस्त्रींचं पितळी बूच

आमच्या कॅम्पवर एक माणूस होता, तो कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिला भोक कुठं आहे ते बघायचा. नवी बादली आणली की ती उन्हाकडं धरून तिचा तळ तपासणार. चहाची किटली, कंदिलाची टाकी, पाण्याचा माठ, कशालाच सुट्टी नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी पेढे घेतले, पाठ थोपटली. यांनी माझे नवे बूट पालथे करून पाहिले, "हे पावसाळ्यात पानी घेतंय भाऊसाहेब," असं सांगितलं आणि मगच पेढा तोंडात टाकला. पावसाळ्यात बुटांनी पाणी घेतलंच.

त्यांना आम्ही मिस्त्री म्हणायचो. नाव अर्थातच होतं, हजेरीपटावर रोज मीच लिहायचो. पण इथं मी ते लिहिणार नाही. लिहायचा हक्क मला राहिलेला नाही, आणि का राहिला नाही तेच सांगायला बसलो आहे.

तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, आमचा परतूर तालुका परभणीत होता. आष्टीच्या पुढं गोदाकाठाला खात्याचा कॅम्प होता. पत्र्याच्या चार खोल्या, एक शेड, एक जीप आणि एक बोट. मी स्टोअरचा कारकून. बोट पुरात अडकलेली माणसं काढण्यासाठी मागवलेली होती. कधीच्या तरी पुरानंतर कुणी तरी मागणी लिहिली, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि बोट आली ती नेमकी बाहत्तरच्या दुष्काळात. गोदावरीच्या पात्रात त्या वर्षी लोक प्यायच्या पाण्यासाठी वाळूत झिरे खणत होते. ट्रकमधून बोट उतरवताना सगळं गाव जमलं होतं. हसावं की रडावं कुणालाच कळेना. एक म्हातारबा म्हणाले, "हिला चाकं लावा सायेब, मंग जाईल."

बोटीबरोबर मिस्त्री आले. पन्नाशीचे, काटकुळे, खाकी अर्धी चड्डी, कानावर खडू. शर्टाच्या डाव्या खिशाला त्यांनी स्वतः शिवलेलं झाकण आणि दोन बटणं होती. त्या खिशात कायम काहीतरी जड असायचं, त्यानं शर्ट एका बाजूला ओढलेला दिसायचा. ते बोटीचं बूच होतं. पितळी, आट्यांचं, आवळ्याएवढं.

ही साधी बोट नव्हती, जेट बोट होती. तिला मागं पंखा नव्हता. पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, त्या धक्क्यानं ती पळायची. उथळ पाण्यात पंखा वाळूत अडकू नये म्हणून ही सोय. मिस्त्रींना ती सोय मान्य नव्हती. "पान्यात ऱ्हायचं आन् पोटाला भोकं पाडून ऱ्हायचं, ह्याला काय म्हनावं," ते पुटपुटायचे. पाणी ओढायचं तोंड, शाफ्ट आत शिरतो ती जागा आणि मागं तळाशी बोटीतलं सांडपाणी काढायचं भोक, अशी ती भोकं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. शाफ्टच्या जागी ग्रीस लावलेली सुती दोरी ठासून भरलेली असायची. तिच्यातून थोडं गळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. "मिनटाला दोन थेंब पडू द्या. बिलकुल न्हाई गळलं तर शाफ्ट जळतो. जे अजिबात गळत न्हाई त्याचा मला भरवसा न्हाई."

मागच्या भोकाला मात्र अशी काही सूट नव्हती. त्याचा नियम एकच. बोट जमिनीवर असली की बूच काढायचं, म्हणजे आत पडलेलं पावसाचं पाणी वाहून जातं. बोट पाण्यात जायची असली की बूच लावायचं. तरुणपणी मिस्त्री मुंबईच्या गोदीत होते. तिथं एक लाँच धक्क्याला बांधलेली असताना उभ्या उभ्या बुडालेली त्यांनी पाहिली होती. वादळ नाही, टक्कर नाही. कुणीतरी बूच लावायचं विसरलं होतं. त्या दिवसापासून ते कुणावरच विश्वास ठेवत नव्हते, स्वतःवरही नाही. म्हणून बोट पाण्यात ढकलायच्या आधी ते स्वतः बूच आवळायचे, आणि आवळून झाल्यावर उभे राहून मोठ्यानं ओरडायचे, "बूच?" काठावर जेवढी माणसं असतील तेवढ्यांनी "लावलं!" असं ओरडून उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय बोट हलायची नाही. एकदा खुद्द मोठे साहेब पाहणीला आले होते. काठावर साहेब आणि मी, दोघेच. साहेबांनाही "लावलं!" म्हणून ओरडावं लागलं. पहिल्यांदा आवाज बारीक पडला म्हणून पुन्हा ओरडायला लावलं.

दुष्काळात नदीला पाणी नाही, तर बोट गळते की नाही हे कळणार कसं, याचा मिस्त्रींना घोर लागला. दोन-तीन दिवस ते शेडमध्ये लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या बोटीभोवती फिरत राहिले. मग माझ्याकडं येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, ज्या जागंनं पानी आत येतं, त्याच जागंनं ते भाहीर जातं. बराबर? मंग बोट पान्यात कशाला घालायची? पानीच बोटीत घालू."

"मिस्त्री, लोकांना प्यायला पाणी नाही."

"पिऊ द्या की. मी कुठं पितो?"

असं करून त्यांनी टँकरवाल्याला गाठलं. गावात हौद फुटलेला होता, टँकर आला की बायकांची नळीवर झोंबाझोंबी व्हायची, निम्मं पाणी मातीत जायचं. मिस्त्रींनी बोट आतून राखेनं घासून लख्ख केली, खालून लाकडाचे टेकू वाढवले, आणि टँकर बोटीत रिकामा करायला लावला. बायका बोटीतून घागरी भरू लागल्या. आणि हे खाली पोत्यावर उताणे पडून, तोंड वर करून, बोटीच्या तळाला प्रत्येक थेंबाभोवती खडूनं गोल काढत राहिले. बायका चेष्टा करायच्या, "मिस्त्री, उठा की, पाऊस थांबला." ते खालूनच म्हणायचे, "दोन थेंब कमी झाले बाई. आज घागरी जरा हळू बुडवा."

मिस्त्री बौद्ध होते. ते बोटीत उतरून राख फासतात, हे गावानं पाहिलं होतं. पाटलांच्या आणि आणखी दोन घरांतल्या बायका बोटीपाशी आल्याच नाहीत. त्या रिकाम्या घागरी घेऊन टँकरच्या नळीपाशी वेगळ्या उभ्या राहायच्या. मिस्त्रींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर आला की आधी त्या तीन घरांच्या घागरी नळीवर भरून घ्यायचे आणि मगच नळी बोटीत सोडायचे. मला संताप आला. मी म्हणालो, "यांचे लाड कशाला?" ते म्हणाले, "तहान लागलीय त्यान्ला. भांडन मंग करू." तो संताप मी स्वतःशीच ठेवला. पाटलांच्या घरी माझं जेवण होतं, तेव्हा तिथं जाऊन मी अवाक्षर काढलं नाही. हा माझा जुना रोग आहे. मला राग येतो, शब्द फुटत नाहीत.

दुष्काळ सरला. नदीला पाणी आलं. पुढच्या दोन पावसाळ्यांत बोट आठ-दहा वेळा पाण्यात गेली. एकदा अडलेल्या बाळंतिणीला पलीकडून आणलं. दरवेळी "बूच?" आणि दरवेळी "लावलं!" गावातली पोरंसोरंही खेळताना ते ओरडायची.

बोट चालवायला जीपचाच ड्रायव्हर होता, बदनापूरचा. भारदस्त मिशा, वीस वर्षं गाडी चालवलेला, पाण्याला न भिणारा. त्याचं म्हणणं, जीप काय नि बोट काय, स्टिअरिंग ते स्टिअरिंग. मिस्त्रींनी त्याला शिकवलं ते मी ऐकलेलं आहे. "हे बघा, पळताना ही पानी घेत न्हाई. मागचं भोक उघडं राह्यलं तरी पळताना आतलं पानी उलटं भाहीर ओढलं जातं. तुमाला पत्ता बी लागायचा न्हाई. थांबली की घेती. म्हून आत पानी दिसलं तर इंजन बंद करायचं न्हाई. थांबायचंच न्हाई. तशीच पळवत न्यायची आन् काठावर चढवायची. समजलं?"

"बिलकुल," ड्रायव्हर म्हणाला आणि बिडी शिलगावली.

मिस्त्री सुट्टी घ्यायचे ती वर्षातून एकदाच, दसऱ्याला. धम्मदीक्षेचा दिवस म्हणून नागपूरला जायचे. त्या वर्षी ते खंडेनवमीला सकाळी निघाले. पांढरा धुतलेला शर्ट, पांढरी विजार. शर्टाला झाकणाचा खिसा नव्हता. स्टोअरमध्ये आले, बूच काढून माझ्या हातावर ठेवलं आणि माझी मूठ स्वतः मिटली.

"आजवर कुनाच्या हाती दिलं न्हाई," ते म्हणाले. "बोटीचा जीव हाय ह्यात. बोट पान्यात जायच्या आधी हे. ध्यानात ऱ्हाईल?"

"मिस्त्री, पाऊस संपला आता. कुठं जातेय बोट?"

"ध्यानात ऱ्हाईल का, ते सांगा."

"राहील."

त्याच दिवशी दुपारी आम्ही कॅम्पवर खंडेनवमीची पूजा मांडली. पाटावर नट आवळायचे पाने, घण, साखळी, मोजपट्टी, जीपची चावी, बोटीची चावी. आणि मी खिशातून बूच काढून मधोमध ठेवलं. बोटीचा जीव आहे ना त्यात, मग मान त्यालाच. मी खरंच भक्तीनं ठेवलं, हे मला सांगायचं आहे. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं मोठं फूल वर ठेवलं. पूजेत मांडलेली हत्यारं दसरा होईपर्यंत उचलायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. हत्यारांनाही एक दिवस विश्रांती. पूजा तशीच शेडच्या कोपऱ्यात राहिली, आणि बूच माझ्या खिशात नाही याची मला आठवणही राहिली नाही.

वरच्या अंगाला परतीचा पाऊस कोसळला होता, आमच्याकडं थेंबही नव्हता. दसऱ्याच्या दुपारी आम्ही एकमेकांना आपट्याची पानं देत होतो, तेवढ्यात गावातून माणसं पळत आली. नदी चढत होती. पात्राच्या मधल्या बेटावर म्हातारे धनगर नवरा-बायको मेंढरं घेऊन अडकले होते. म्हातारीचा आवाज काठावर येत होता.

मग जे झालं ते फार भराभर झालं. ड्रायव्हर ओरडला, "चावी द्या जल्दी!" चावी पूजेत होती. मी हात जोडले, देवाची माफी मागितली आणि चावी उचलली. बूच तिच्या शेजारीच होतं, फुलाखाली. माझ्या बोटांपासून चार बोटं लांब. मी चावी घेऊन पळालो. दहा-बारा जणांनी बोट ढकलली. इंजिन लागलं. काठावर पन्नास माणसं असतील. त्यातल्या एकाच्याही तोंडून "बूच?" निघालं नाही. ते विचारणारा माणूस नागपुरात होता.

बोट मात्र झकास गेली. पाणी कापत, मागं फवारा सोडत बेटापाशी पोहोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ड्रायव्हरनं बेटाला बोट लावली आणि इंजिन बंद केलं, जीप उभी केल्यावर करायचा तसंच. म्हातारा दोन कोकरं काखेत घेऊन आधी चढला. बायको बाकीची मेंढरं सोडायला तयार होईना, ती बेटावरच उभी राहिली. त्यांची बोलाचाली चालली होती. आणि बोटीची मागची बाजू खाली गेल्यासारखी मला वाटली. म्हाताऱ्याच्या वजनानं असेल, असं मनात आलं. मग आणखी खाली गेली. आणि मला मिस्त्रींचा झाकणाचा खिसा आठवला.

मी शेडकडं कसा पळालो ते सांगता येत नाही. फूल फेकलं, बूच उचललं, परत काठावर आलो. हातात बूच घेऊन उभा. मध्ये सगळी नदी. "इंजिन चालू करा, थांबू नका," असं मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. पाण्याच्या आवाजात काय ऐकू जाणार? ड्रायव्हर खाली वाकून काहीतरी करत होता. इंजिन लागलं नाही, पाणी बॅटरीपर्यंत पोहोचलं असणार. बोट बेटापासून सुटली, मागून खचली, आडवी झाली. ड्रायव्हरनं उडी मारून बाभळीची फांदी धरली. म्हातारा कोकरं सोडत नव्हता. मला तो शेवटचा दिसला तेव्हाही ती दोन्ही त्याच्या काखेतच होती.

गावातल्या भोयांनी ट्रकच्या ट्यूबा टाकून संध्याकाळच्या आत ड्रायव्हरला आणि म्हातारीला काढलं. म्हातारा तिसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडला. म्हातारी आमच्या शेडच्या दारात बसून होती. मला म्हणाली, "दादा, येवढी लोखंडाची बोट, कशानं बुडली वं?"

मी म्हणालो, "पाणी लई होतं मावशी."

मिस्त्री दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आले. हातात पिशवी होती, नागपूरची संत्री आणली होती आमच्यासाठी. शेडमधली रिकामी घोडी बघून ते दारातच थांबले. मी बूच त्यांच्या तळहातावर ठेवलं. आट्यांमध्ये कुंकू भरलं होतं, एक अक्षता अडकली होती. त्यांनी ते फिरवून पाहिलं. त्यांना सगळं कळलं, सांगावं लागलं नाही.

"मानूस गेलं का?" त्यांनी विचारलं.

"एक."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. बराच वेळ अंगठ्याच्या नखानं आटे खरवडत राहिले.

आठ दिवसांनी चौकशी झाली. बाहेरून एक साहेब आले होते. टेबलाच्या एका बाजूला मी लिहून घ्यायला, समोर मिस्त्री, मागं ड्रायव्हर. बूच मिस्त्री माझ्याकडं देऊन गेले होते हे ड्रायव्हरला माहीत नव्हतं, तो आपल्या इंजिनाबद्दलच बोलला. मग साहेबांनी विचारलं, "बूच कुणाच्या ताब्यात असतं?"

मिस्त्री लगेच बोलले नाहीत. खोलीत पंखा फिरत होता. मी कागदावर प्रश्न लिहिला, पूर्णविराम दिला, तो पुन्हा गिरवला. माझ्या बायकोला सातवा महिना होता. नोकरी कच्ची होती. ही कारणं मी तेव्हा मनात मोजली आणि पुढंही पुष्कळ वर्षं मोजली, ती कधी पुरली नाहीत.

"माझ्या," मिस्त्री म्हणाले. आणि खिशाचं झाकण उघडून बूच टेबलावर ठेवलं.

"आणि तुम्ही नागपूरला गेला होता," साहेब म्हणाले. नागपूर हा शब्द त्यांनी असा उच्चारला की पुढं काही विचारायची त्यांना गरजच वाटत नव्हती. "लिहा," ते मला म्हणाले. मी लिहिलं. लिहिताना बुचाकडं नजर गेली. ते घासून पुसून लख्ख केलेलं होतं. आट्यांमध्ये कुंकवाचा कणही नव्हता.

मिस्त्रींना कामावरून काढलं. त्यांची पत्र्याची पेटी मी आष्टीच्या स्टँडपर्यंत नेली. तेवढंच माझ्याच्यानं झालं. बस सुटायला वेळ होता. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही साहेबांना खरं का नाही सांगितलं?"

"खरंच सांगितलं की. ताबा माझाच व्हता."

"पण बुचाचं कुंकू तुम्ही पुसलंत."

"बूच हाय ते. साफ ठिवावं लागतं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "सायबानं इचारलं तवा मी थांबलो व्हतो भाऊसाहेब. तुमी बोलाल म्हून."

कंडक्टरनं घंटी मारली. पेटी टपावर होती. ते चढले, खिडकीशी बसले, आणि सवयीनं खिशाचं झाकण चाचपलं. खिसा रिकामा होता, बूच चौकशीच्या कागदांबरोबर गेलं होतं.

कुंकू त्यांनी मला वाचवायला पुसलं की खरंच सवयीनं, हे मला आजवर कळलेलं नाही. ते नंतर कुठं गेले, काय करत होते, तेही मी शोधलं नाही. शोधायचं धाडस केलं नाही, असं म्हणणं जास्त खरं. माझी नोकरी पक्की झाली, बढती मिळाली, पेन्शन चालू आहे. घरी खंडेनवमीला मुलं त्यांची हत्यारं मांडतात, मी त्या खोलीत जात नाही.

चौकशीच्या अहवालाची स्वच्छ प्रत मीच काढली होती, माझ्या हस्ताक्षरात. अक्षर चांगलं आहे म्हणून साहेबांनी कौतुकही केलं. त्या प्रतीत मिस्त्रींचं पूर्ण नाव सहा ठिकाणी आहे. माझं कुठंच नाही.